'दाऊ' म्हणजे सरसकट 'तू' का?

लेखणी: माझं मत ठाम आहे. जुना इंग्रजी मजकूर मराठीत आणताना 'दाऊ' (thou) आलं की 'तू', 'यी' (ye) किंवा 'यू' (you) आलं की 'तुम्ही'. इंग्रजीने गमावलेला भेद मराठीत जिवंत आहे, तो वापरावा. रूपं ओळखायला सोपी: कर्ता दाऊ, कर्म दी (thee), 'तुझा' म्हणायला व्यंजनापूर्वी दाय (thy), स्वरापूर्वी दाइन (thine). क्रियापदाला दाऊबरोबर '-एस्ट' (-est), तृतीयपुरुषी एकवचनाला '-एथ' (-eth). म्हणून 'आय गोएथ' (I goeth) हे सपशेल चूक.

पानोपानी: नियम पहिल्याच पानावर फसेल. १६११ च्या बायबलात दाऊ म्हणजे एकवचन, यी म्हणजे अनेकवचन. आदराचा संबंधच नाही. दानीएल राजालाही 'दाऊ, ओ किंग' म्हणतो. योहान ३:७ मध्ये येशू एकट्या निकदेमाशी बोलतोय. 'मी तुला म्हणालो' इथे 'दी' आहे, पण लगेच 'नव्याने जन्मलं पाहिजे' यासाठी 'यी'. तिथे नुसतं 'तुम्हाला' लिहिलंत तर वाचकाला वाटेल, मध्येच आदर वाढला. 'तुम्हा सर्वांना' असंच हवं.

लेखणी: बायबलपुरतं मान्य. तिथे मूळ हिब्रू-ग्रीकमधला वचनभेद राखला आहे. बोलण्यातली गोष्ट निराळी. १६०३ मध्ये वॉल्टर रॅलेवरच्या खटल्यात सरकारची बाजू मांडणारा एडवर्ड कोक त्याला 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर' (मी तुला 'दाऊ' म्हणतो, गद्दारा) म्हणाला. सर्वनामाचं क्रियापदच केलं! आपलं 'अरेतुरे करणं' नेमकं हेच.

पानोपानी: कोकचा 'दाऊ' अपमान होता, पण आपण आईला आणि देवालाही 'तू' म्हणतो. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश बघा. राणी मुलाला 'दाऊ' म्हणते, तो 'यू'ने उत्तर देतो, आणि दुखावलेली राणीही लगेच 'यू'वर येते: 'यू आन्सर विथ अॅन आयडल टंग.' (इथे 'आयडल', idle, म्हणजे आळशी नव्हे, पोकळ, वेडगळ.) तुमच्या नियमाने आई मुलाला 'तुम्ही' म्हणेल.

लेखणी: म्हणू दे! रागावलेली आई 'बोला, आता तुम्हीच शिकवा आम्हाला' म्हणतेच की.

पानोपानी: तो टोमणा झाला. राणीच्या 'यू'त टोमणा नाही, दुरावा आहे. मी 'तू'च ठेवेन, फक्त आधीच्या वाक्यातलं 'बाळा' गाळेन आणि 'ही कसली पोकळ उत्तरं देतोस' एवढंच लिहीन.

लेखणी: आधीच्या वाक्यात 'बाळा' मुळात नाहीच, ते तुम्ही घातलंत. मूळ लेखकाने बदल सर्वनामात केलाय, तर तो मराठीतही सर्वनामातच दिसायला हवा.