जपान: जानेवारीत बर्फातलं ओनसेन (गरम पाण्याचे झरे), सोबत आई. कुठे राहावं?

कंदीपेढा: जानेवारीअखेर मी, बायको आणि आई (वय ६६, पक्की शाकाहारी) जपानला जातोय. बर्फातल्या आडबाजूच्या एखाद्या रयोकानमध्ये (जुन्या धाटणीची जपानी खानावळ-मुक्काम) एक रात्र काढायची आहे. बजेट माणशी १५ हजार येन, दोन जेवणं धरून. गाडी चालवणार नाही. सुचवा.

भटकी_वरात: गिन्झान! ओनसेनचं गाव आहे, दुसरं काही बघूच नका. नदीच्या दोन्ही काठांना जुनी लाकडी घरं, संध्याकाळी गॅसचे दिवे. आम्ही माणशी ४० हजार मोजले, पण पैसा वसूल.

कंदीपेढा: अहो, १५ म्हटलं मी.

मुक्काम_सेंदाई: गिन्झान कसलं आडबाजूला? फोटोवाल्यांची जत्रा नुसती. २०२४-२५ च्या हिवाळ्यात तर संध्याकाळी मुक्कामी नसलेल्यांवर निर्बंध घालायची वेळ आली. आकितातलं न्यूतो बघा. शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेन) ताझावाको स्टेशन, पुढे बस. त्सुरुनोयू तिथलं सगळ्यात जुनं रयोकान, पण खोली मिळणं कठीण. कुरोयूच्या नादी लागू नका, हिवाळ्यात बंद असतं. आणि रात्रीचं जेवण साधारण सहाला, उशिरा पोचलात तर उपाशी झोपाल.

ठाण्याची_काकू: न्यूतोच्या त्या दुधाळ पाण्यात गंधक असतं हो. माझी जोडवी काळीठिक्कर पडली, पैंजणसुद्धा. चांदी खोलीतच काढून ठेवा. बायकांचं कुंड वेगळं असतं, पण कपडे घालून उतरता येत नाही, हे आईंना इथेच सांगा. तिथे जाऊन रुसवेफुगवे नकोत.

कोकणी_फणस: एवढा खर्च कशाला? उन्हवऱ्याला या, नाहीतर तुरळला. तिथलंही पाणी जमिनीतूनच कढत येतं.

भटकी_वरात: आणि बर्फ?

कोकणी_फणस: बर्फ सरबतात घालायचा असतो.

ओसाका_रिटर्न: विषय भरकटला. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. सूप, भाजी, सगळ्यात दाशी, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क. बुकिंग करतानाच लिहून विचारा, बरेच जण सरळ नाही म्हणतात. ऐनवेळी सांगितलंत तर भात आणि लोणचं. माझ्या टूर कंपनीने 'सगळं सांगितलंय' म्हणून हात वर केले होते. आईंना बीपी असेल तर थंडीतून थेट कुंडात नको, आधी पायापासून गरम पाणी घेत जा.

ठाण्याची_काकू: हो, आणि चांदीचं विसरू नका.

हिमवेडा: गिन्झान +१

कंदीपेढा: सगळ्यांचे आभार. बायकोने परस्पर आओमोरीतलं आओनी बुक केलं, बजेटात बसलं. खोलीत वीज नाही, रॉकेलचे कंदील. थंडीत रस्ता बंद, त्यांचीच गाडी न्यायला येते. आई म्हणते, निम्मं बालपण कंदिलात गेलं, मला काय घाबरवता. मेतकुटाचा डबा आत्ताच बॅगेत पडलाय.

भटकी_वरात: मोबाईल कुठे चार्ज करणार मग? तरी म्हणत होतो, गिन्झान.