सातबाऱ्यावर नाव दिसलं, पुढे?
विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर दिसलं की पहिल्यांदा प्लॉट घेणाऱ्याची तयारी झाली, असं एका पोस्टमध्ये वाचलं. अर्धंच पटलं. नावाइतकंच 'भोगवटादार वर्ग' (जमीन कुठल्या प्रकारच्या हक्काने धारण केली आहे) काय आहे तेही बघा. वर्ग 2 असेल तर जमीन वतनाची, कुळकायद्यातली किंवा सरकारने दिलेली असू शकते, आणि मग विक्रीला परवानगी, नजराणा (सरकारला भरायची रक्कम) वगैरे भानगडी येतात. सोसायटीच्या कर्जाचा बोजा 'इतर हक्क' रकान्यात सापडतो.

आमच्या मेहुण्यांनी सोलापुरात होटगी रोडकडे एक जागा बघितली होती. दलाल 'टायटल क्लिअर' म्हणत होता (कुठला म्हणत नाही?). सातबारा चोख. पण त्यावरच्या क्रमांकांवरून जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढले, तर वडील वारल्यावर वारसनोंद फक्त भावांची. बहिणींची नावं नाहीत, हक्कसोडपत्रही नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, म्हणजे उद्या दावा ठरलेला. मेहुण्यांनी इसार (व्यवहाराची आगाऊ रक्कम) थांबवला. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो, पण फेरफार वाचायला वकीलच गाठा, 30 वर्षांचा सर्च रिपोर्टही (जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल) त्यांच्याकडूनच घ्या. दलालाने सुचवलेला वकील मात्र नको.