केदारच्या हातावरचं पुरळ आणि आजोळच्या ग्रुपवरचे उपाय

शर्वरी (न्यू जर्सी): मंडळी, जरा मदत हवी आहे. केदारच्या दोन्ही हातांवर भयंकर पुरळ आलंय. शनिवारी त्याने मागच्या कुंपणावर चढलेली वेल उपटून काढली. काल संध्याकाळी खाज सुरू झाली आणि आज मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याने भरलेले फोड, तेही पेनाने रेघ ओढावी तसे ओळीने. शेजारच्या बाई बघून लगेच म्हणाल्या, पॉयझन आयव्ही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही त्याच्या. घरच्या घरी काय करता येईल?

राजूमामा: खोबरेल तेलात हळद कालवून चांगलं चोळा. जावईबापूंना सांग, नखं लावू नका.

स्मितामामी: कडुनिंबाचा पाला मिळतो का गं तिकडे? नसेल तर लिंबू चोळ. खाज मरते.

सुलूमावशी: शर्वरी, फोटो पाठव आधी.

शर्वरी (न्यू जर्सी): 📷 📷

सुलूमावशी: अगं, हे तर बिबा उतल्यासारखं दिसतंय! आमच्या वाडीतल्या गड्याच्या हाताला अस्सेच फोड आले होते.

मेघाताई: मावशी, अगदी बरोबर ओळखलंस. ओपीडी संपवून आत्ताच बसले आहे, सविस्तर लिहिते. तोवर कुणी काही चोळायला सांगू नका प्लीज. मामा, तेल आणि लिंबू दोन्ही थांबवा.

मेघाताई: पॉयझन आयव्ही ही उत्तर अमेरिकेतली वेल. आपला बिब्बा, आंबा, काजू आणि ही वेल, सगळी एकाच कुळातली. तिच्या पानात, देठात, मुळात उरुशिऑल नावाचं तेल असतं. बिब्ब्याच्या आणि काजूच्या टरफलातलं तेल त्याचंच भावंड म्हणायचं. हे तेल कातडीला चिकटलं की काही मिनिटांत आत मुरतं आणि शरीर त्याच्यावर तुटून पडतं. म्हणजे हे विष नव्हे, ॲलर्जी आहे. म्हणून पुरळ लगेच न येता साधारण 12 ते 48 तासांनी येतं. आयुष्यात पहिल्यांदाच लागलं असेल तर दोन-तीन आठवडेही जातात.

मेघाताई: दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर असं पुरळ उठायचं. शोधल्यावर कळलं की परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने जी खूण करायचे, बरोबर त्या खुणेच्या जागी ते यायचं. अनेकांच्या शरीराला मायदेशीच पॉयझन आयव्हीची ओळख झालेली होती, इथे बिब्ब्याने ती जागी केली.

सुलूमावशी: मग आमच्याकडे काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख लावून बसतात, ते चूक का?

मेघाताई: मुळीच चूक नाही मावशी. ते *आधी* लावतात, म्हणून चीक कातडीपर्यंत कमी पोहोचतो. इथे वेलीचं तेल आधीच अंगावर आहे. न धुता वरून खोबरेल चोळलं तर ते आणखी पसरतं. मामांना मी हेच सांगत होते.

राजूमामा: पटलं. पण हळदीत काय वाईट?

मेघाताई: मामा, हळद स्वयंपाकघरातली असते, निर्जंतुक नसते. फुटलेल्या फोडावर ती घातली की पिवळ्या रंगाखाली पू होतोय की नाही तेही दिसत नाही. लिंबाचं तर आणखी वाईट. आग होतेच, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजून काळे डाग राहतात. तिथे आत्ता जुलै आहे. मुलतानी माती, चुना, ब्लीच, टूथपेस्ट, यातलंही काही नको.

मेघाताई: शर्वरी, आता तू सांग. शनिवारी काम झाल्यावर त्याने हात कधी धुतले? आणि हातमोजे, कुदळ, बूट आत्ता कुठे आहेत?

शर्वरी (न्यू जर्सी): संध्याकाळी आंघोळ केली तेव्हाच, चार-पाच तासांनी. मोजे गराजमध्ये पडलेत. शर्ट लाँड्री बास्केटमध्ये बाकीच्या कपड्यांत आहे 😟 आणि ब्रुनो दिवसभर त्याच्या मागे मागे त्या वेलीत फिरत होता.

मेघाताई: मग आज सगळ्यात महत्त्वाचा उपाय साबण. फोडांवरचा नाही, वस्तूंवरचा. हे तेल वाळून उडून जात नाही. कुदळीच्या दांड्यावर, बुटाच्या लेसवर ते कित्येक महिने, कधी कधी वर्षभराहूनही जास्त टिकतं. पुढच्या उन्हाळ्यात तू तोच दांडा धरशील आणि पुरळ तुला येईल. शर्ट-पँट वेगळी काढून गरम पाण्यात साबणाने धू. अवजारं आणि बूट भांडी घासायच्या साबणाने घास, लेस फेकून दे. मोबाईल, गाडीचं स्टिअरिंग, दाराची मूठ, घड्याळाचा पट्टा पुसून काढ. हे करताना जाड विनाइलचे मोजे घाल, पातळ रबरी मोज्यांतून हे तेल आत झिरपतं.

अनिकेत (मिशिगन): आणि ब्रुनोला आजच आंघोळ घाल. कुत्र्याला सहसा काही होत नाही, पण केसांवर तेल राहतं आणि मग तो सोफ्यावर, पलंगावर सगळीकडे लावत फिरतो. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये एका मुलीला असंच कुत्र्याकडून झालं होतं, ती तर जंगलात पाऊलही न टाकणारी.

शर्वरी (न्यू जर्सी): मेघाताई, आणखी एक. केदार इराला जवळ घेत नाहीये. वेगळ्या खोलीत झोपतोय. फोड फुटून पाणी येतंय, ते तिला लागलं तर? ती रडतेय बाबा का घेत नाही म्हणून.

मेघाताई: अगं, घेऊ दे त्याला! फोडातलं पाणी त्याच्याच शरीराचं आहे, त्यात वेलीचं तेल नसतं. त्याने कुणालाही पुरळ येत नाही आणि त्याच्याही अंगावर ते पसरत नाही. रोज नवीन जागी उठतंय असं वाटतं, कारण जिथे तेल कमी लागलं किंवा कातडी जाड आहे तिथे ते उशिरा उठतं. अंग आणि कपडे एकदा साबणाने धुतले की इराला खुशाल मांडीवर बसवू दे. हे त्याला आत्ता जाऊन सांग.

शर्वरी (न्यू जर्सी): सांगितलं. दोघं सोफ्यावर आहेत आता.

सुलूमावशी: बरं झालं बाई. पण मेघा, खाजेला काहीतरी सांग ना. पोराला झोप नाही.

मेघाताई: हो मावशी, इथे मात्र घरचे उपाय कामाचे आहेत. ते पुरळ बरं करत नाहीत, पण खाज सोसण्याइतकी खाली आणतात.

मेघाताई: एक, गार पाण्याची घडी. जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा गार पाण्यात पिळून 15-20 मिनिटं ठेवायचा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट नको. दोन, ओट्स. साधे, बिनसाखरेचे, बिनवासाचे ओट्स मिक्सरला मैद्यासारखे बारीक कर. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून बघ. पाणी दुधासारखं पांढरट झालं आणि बोटाला बुळबुळीत लागलं की जमलं. तळाला रवा बसला तर पुन्हा फिरव. मग कोमट पाण्याच्या टबात वाटीभर घालून त्याला थोडा वेळ हात बुडवून बसू दे. ओट्स नसतील तर टबात कपभर खायचा सोडा चालेल. टबात जपून, फार निसरडं होतं.

मेघाताई: नंतर टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही, आणि वर गुलाबी कॅलामाईन. ते तिकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. कोरफडीचा ताजा गर न फुटलेल्या जागी चालेल, गार वाटतं. कढत पाण्याखाली हात धरला की क्षणभर स्वर्ग वाटतो, पण नंतर खाज दुपटीने उसळते, ते टाळ. ॲलर्जीची झोप आणणारी गोळी रात्री झोपेपुरती उपयोगी, खाजेवर तिचा फारसा असर नाही. फोड मुद्दाम फोडायचे नाहीत, वरची साल ओढायची नाही, नखं आजच काप.

शर्वरी (न्यू जर्सी): शेजारच्या बाईंनी एक रोप आणून दिलंय, ज्युएलवीड म्हणतात. नारिंगी फुलं, देठ रसाळ. त्याचा रस लावा म्हणाल्या.

मेघाताई: ते आपल्या तेरड्याच्या जातीचं. तिथल्या मूळ रहिवाशांचा जुना उपाय आहे. अभ्यासांचे निकाल मात्र उलटसुलट आहेत. ठेचून ताबडतोब लावलं तर थोडा फायदा दिसला, पण साध्या साबणाहून जास्त नाही. आता तिसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही. बाईंचे आभार मान, रोप लावून ठेव.

सुलूमावशी: तेरडा! गौरीला आणतो तो? बघा, तिकडेही त्याला मान आहे.

अनिकेत (मिशिगन): शर्वरी, बाकीची वेल अजून कुंपणावर आहे का? असेल तर मेहेरबानी करून जाळू नका. धुरातून तेल छातीत जातं, माणसं हॉस्पिटलात पोचतात. मशीनने छाटूही नका, तुषार उडतात.

शर्वरी (न्यू जर्सी): बापरे. केदार रविवारी पालापाचोळा जाळायचं म्हणत होता. अर्धी वेल अजून आहे. मला ती ओळखायची कशी? दुसरी एक वेलही आहे शेजारी.

अनिकेत (मिशिगन): एका देठाला तीन पानं, मधल्याचं देठ लांब, बाजूची दोन जवळजवळ बिनदेठाची. वसंतात तांबूस, उन्हाळ्यात हिरवी, ऑक्टोबरात लालभडक. झाडावर चढलेल्या जुन्या खोडाला दाट केसांसारखी मुळं असतात. पाच पानं असतील तर ती बहुधा व्हर्जिनिया क्रीपर. आणि हिवाळ्यात पानं गळाली तरी उघडी काटकी तितकीच वाईट.

(दुसऱ्या दिवशी)

शर्वरी (न्यू जर्सी): मेघाताई, ओट्सने रात्री चार तास सलग झोपला. पण सकाळी उजव्या डोळ्याची पापणी सुजली आहे आणि गालावरही उठलंय.

मेघाताई: मग आता घरचं पुरे. आजच डॉक्टरकडे न्या. डोळा, तोंड, गुप्तांग, अंगाचा बराच भाग, ताप, पू, यातलं काहीही असलं तर थांबायचं नसतं. श्वासाला त्रास झाला तर थेट 911. तोंडाने स्टेरॉइड देतील असं वाटतं. दोन गोष्टी नक्की बोल. त्याची साखर सीमेवर आहे हे सांग, स्टेरॉइडने ती वाढते. आणि गोळ्या किती दिवसांच्या ते विचार. पाच-सहा दिवसांचं छोटं पाकीट संपलं की हे पुरळ अनेकदा उलटून येतं, म्हणून सहसा दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत देतात.

शर्वरी (न्यू जर्सी): जाऊन आलो. दोन आठवड्यांचा कोर्स दिलाय, उतरत्या डोसचा. साखर रोज तपासायला सांगितली.

राजूमामा: छान. मेघा, मग जावईबापू पुढच्या मेमध्ये येतील तेव्हा आंबे?

मेघाताई: खाऊ देत मामा. फक्त साल आणि देठाचा चीक ओठांना लागता कामा नये. ज्यांना ही वेल लागलेली असते त्यांच्या ओठांभोवती आंब्याच्या सालीने असंच पुरळ उठू शकतं. चोखून नको, कुणीतरी कापून द्या. भाजलेले काजू चालतील.

स्मितामामी: फोडी मी करून देईन.

शर्वरी (न्यू जर्सी): अनिकेत, उरलेली वेल काढायला परवा माणूस येतोय, मुळासकट काढून बंद पिशव्यांतून नेणार आहे. ब्रुनोची आंघोळ झाली. कुदळ, बूट, दाराच्या मुठी घासून झाल्या, लेस फेकल्या. गाडी राहिली आहे, ती आता करते.