मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय, गळती कुठेच सापडत नाही (जुना सहा सिलिंडर डिझेल ट्रक)

मंडळी, इंजिन जुन्या धाटणीचं आहे. मेकॅनिकल पंप, वेट लायनर (बाहेरून थेट कूलंट फिरणारी सिलिंडरची नळी), ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) नाही. दोन-अडीच महिन्यांपासून कूलंट उतरतंय. गाडी रिकामी असली तर विशेष नाही, पण भरून चढाला लागली की दिवसाला दीड-दोन लिटर घालावं लागतं. गाडीखाली थेंबसुद्धा नाही.

रेडिएटरची कॅप नवी टाकली. वॉटर पंप कोरडा, हीटरचे पाइपही कोरडे. गार इंजिनवर प्रेशर टेस्टर लावून १ बार दाब अर्धा तास ठेवला, काटा हलला नाही. डिपस्टिकवर तेल स्वच्छ आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा) नट ढिला करून पाहिला. आधी तेलच आलं, पाणी नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

खटकतं ते एवढंच: गार इंजिन चालू करून कॅप उघडी ठेवली तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात. कॅप लावली की इंजिन तापायच्या आधीच वरचा होज दगडासारखा होतो. मिस्त्री म्हणतात हेड गास्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं. पण एकदा हेड उतरवलं की लायनरची उंची, बोल्ट, प्लेनिंग (हेड घासून सपाट करणं) सगळंच मागे लागतं. म्हणून त्याआधी खात्री करायची आहे. कशी करू?

उत्तर:
दादा, हेडला हात लावू नका अजून. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर पाण्याने गार होणारा आहे का? असेल तर त्याचं गास्केट किंवा हेड फुटलं तरी हवा कूलंटमध्ये घुसते, आणि लक्षणं अगदी हीच. हवेच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा, गार इंजिन चालू करा आणि बुडबुड्यांवर नजर ठेवा. गव्हर्नरने (टाक्या भरल्या की कॉम्प्रेसरचं हवा भरणं थांबवणाऱ्या व्हॉल्व्हने) हवा कापली की बुडबुडे थांबले, तर दोष कॉम्प्रेसरचा. तरीही येतच राहिले, तर मिस्त्री बरोबर आहेत. टाकीचा ड्रेन उघडून कूलंटचा रंग किंवा गोडसर वास येतो का, तेही बघा. आणि गरम इंजिनवर कॅप उघडू नका, कृपा करून.

मूळ प्रश्नकर्ता:
आज सकाळी करून पाहिलं. टाक्या भरेपर्यंत बुडबुडे सारखे येत होते. हवा कापल्याचा आवाज आला आणि अर्ध्या मिनिटात पाणी शांत झालं. दोन-तीनदा ब्रेक दाबून हवा उतरवली, कॉम्प्रेसर परत भरायला लागला, बुडबुडे परत सुरू. हाच प्रकार तीन वेळा झाला. पहिल्या टाकीच्या ड्रेनमधून हिरवट पाणीही आलं. हेड उतरवायचं थांबवलं आहे. खूप आभार, फार मोठं काम वाचलं.

एक शंका राहिली: कॉम्प्रेसरचं नुसतं गास्केट बदलून भागेल, की त्याच्या हेडला तडा आहे का ते तपासूनच बसवावं? आणि टाकीत कूलंट गेलं आहे, तर ब्रेकचे व्हॉल्व्हही उघडून साफ करावे लागतील का?