अनुभव धागा: घरातला 'अंदाज' वहीत कसा उतरवायचा?

कोरीवही

अकरावीत आहे. या सुट्टीत घरच्या पदार्थांची वही करायची आहे. त्यात सणावारचे पदार्थ हवेत, रोजचे हवेत आणि शाळेच्या डब्यातले तर हवेतच. घरात विचारलं की आजी सांगते, "मूठभर", "दोन बोटं वर पाणी", "वास सुटेपर्यंत", "मावेल तेवढं". ज्यांनी अशा वह्या केल्या आहेत किंवा शिकवल्या आहेत त्यांनी कृपया लिहा. आठवणी माझ्याकडे भरपूर आहेत, मला पद्धत हवी आहे. मोजायचं कशाने, कुठे चुकतं आणि का चुकतं?

मापटं

स्वयंपाक चालू असताना आजीला थांबवून "थांब, मोजते" म्हणायचं नाही. हात अडखळला की अंदाज बदलतो आणि तुम्ही भलतंच माप लिहून ठेवता. त्यापेक्षा वजाबाकी करा. आदल्या रात्री मीठ, तिखट, गूळ, तेल, पीठ यांचे डबे झाकणासकट वजनकाट्यावर ठेवून आकडे लिहून घ्या. स्वयंपाक आटोपल्यावर तेच डबे पुन्हा ठेवा. जो फरक येईल तेवढं त्या पदार्थात गेलं. मात्र त्या वेळात त्या डब्यातून दुसरं काही घेतलं जाऊ नये, म्हणून शक्यतो दिवसाला एकच पदार्थ टिपा. मीठ-तिखटाला १ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. हिंग, केशर, जायफळ त्याच्यावर कळत नाही, ते चिमटीतच लिहा.

एक पदार्थ निदान तीन वेळा टिपा. तिन्ही आकडे जवळपास आले तर सरासरी लिहा. एखाद्यात फार फरक दिसला तर समजा की तो जिन्नस दिवसावर ठरतो: टोमॅटो किती आंबट, मिरची किती तिखट, तांदूळ नवा की जुना. अशा ठिकाणी सरासरी काढली तर फसाल. '२ ते ४ मिरच्या, चव बघून' हेच बरोबर माप.

'वाटी' लिहिण्याआधी तुमची वाटी किती आहे ते पाहा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. घरोघरच्या आमटीच्या वाट्या १२० पासून २०० पर्यंत निघतात, म्हणूनच मैत्रिणीची कृती आपल्याकडे बिघडते. १५० मिलीची सपाट वाटी धरली तर साखर आणि तांदूळ साधारण १२५ ग्रॅम, रवा १०० ते १०५, चाळलेली कणीक ७५ ते ८० भरते. कणीक दाबून भरली की सहज १५-२० ग्रॅम जास्त जाते, म्हणून 'चाळून, न दाबता' हे शब्द गाळू नका.

प्रयोगवही

वेगळा आराखडा शोधू नकोस, तो दप्तरात आहे. विज्ञानाच्या प्रयोगवहीत लिहायचो त्याच मथळ्यांनी पाककृती लिही: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगवहीच विकत आण. एका बाजूला रेघा आणि समोर कोरं पान. करंजीची मुरड, मोदकाच्या कळ्या, घडीच्या पोळीची घडी शब्दांत सांगता येत नाही, कोऱ्या पानावर चार चित्रं काढलीस की काम होतं.

बहुतेक वह्या 'कृती'पाशी संपतात. खरी किंमत पुढच्या दोन रकान्यांना आहे. नमुन्यादाखल चकली घे.

साहित्य: भाजणीसाठी तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ १, धने पाव वाटी, जिरे २ चमचे. सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं. भिजवताना १ वाटी भाजणीला १ वाटी उकळतं पाणी आणि १ मोठा चमचा (१५ मिली) तेलाचं मोहन.

निरीक्षण: मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते. कमी पडलं की दाताला लागते. पीठ कोरडं राहिलं की सोऱ्यातून पडतानाच तुटते, सैल झालं की तळल्यावर तासाभरात मऊ पडते. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर चकली तेल पिते, फार तापलं तर वरून लाल आणि आतून कच्ची राहते.

अनुमान: पहिली एकच चकली तळून, गार करून, मोडून बघायची. विरली तर उरलेल्या पिठात कोरडी भाजणी मिसळता येते. सगळा घाणा टाकल्यावर हातात काही उरत नाही.

पळीवाढं

मिनिटांवर फार विसंबू नका. शेगडी वेगळी, पातेल्याचा बुडखा वेगळा, की मिनिटं बदलतात. खूण बदलत नाही. आजीचं "वास सुटेपर्यंत" हे ढिसाळ माप नाही, ती खूणच आहे. फक्त कोणता वास आणि त्या वेळी काय दिसतं, ते तिला विचारून पुरं करा.

पुरण: १ वाटी हरभरा डाळ, १ वाटी गूळ. डाळ बोटांनी सहज चिरडली जाईपर्यंत शिजल्यावरच गूळ घालायचा. गूळ आधी पडला तर डाळ मऊ होत नाही, चिंच-आमसुलाचंही तसंच. त्यामुळे वहीत 'डाळ व गूळ शिजवून घ्या' असं एका वाक्यात कधी लिहू नये, त्या 'व'ने पुरण बिघडतं. पुरण झाल्याची खूण म्हणजे मधोमध रोवलेलं उलथनं न पडता उभं राहतं.

तिळगुळाचे लाडू: २ वाट्या भाजलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, दीड वाटी चिक्कीचा गूळ. पाकाचा थेंब वाटीभर गार पाण्यात सोडायचा. पसरला तर कच्चा. गोळी झाली आणि ताटलीत टाकल्यावर टण वाजली तर झाला, गॅस त्याच क्षणी बंद. साधा गूळ घेतला तर लाडू मऊ होतात, ते हवे असतील तर तसं लिहा.

आणि दाटपणाचे मराठी शब्द वापरा, ते मापाइतकेच नेमके आहेत. पळीवाढं म्हणजे पळीने वाढता येईल आणि ताटात फार पळणार नाही इतपत. सरसरीत त्याहून पातळ. भजीचं पीठ सरसरीत केलं तर कांद्याला धरत नाही, घावनाचं पळीवाढं केलं तर जाळी पडत नाही. 'मध्यम घट्ट' वाचून कोणाच्याच डोळ्यापुढे काही येत नाही.

कोरीवही

पणजीची एक वहीही मिळाली. त्यात 'पावशेर गूळ', 'रुपयाभार सुंठ', 'मापटंभर तांदूळ' आहे. पावशेर म्हणजे २५० ग्रॅमच ना?

मापटं

आज बाजारात हो, त्या वहीत नाही. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे शेर सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव २३३. छटाक म्हणजे ५ तोळे, ५८ ग्रॅम. रुपयाभार म्हणजे एक तोळा. दशमान वजनं १९५८ पासून आली, लोकांनी जुनं नाव नव्या वजनाला तसंच चिकटवलं. मापटं मात्र वजनाचं नव्हे, धान्य मोजायचं माप आहे: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. मापाचा शेर आणि वजनाचा शेर एक धरू नका. मूळ शब्द खोडू नका, शेजारी पेन्सिलीने आजचं वजन लिहा.

दुपारचीसुट्टी

डब्याच्या पदार्थांची कृती वेगळी लिहायला हवी, कारण ते चार-पाच तासांनी खायचे असतात. ताटातली पोळी आणि डब्यातली पोळी एक नव्हे. डब्यासाठी २ वाट्या कणकेला पाऊण वाटीच्या थोडं वर पाणी, २ चमचे तेल, मळून अर्धा तास झाकून ठेवायची. भाजताना आच मोठी ठेवायची. मंद आचेवर पोळी वाळते आणि सुट्टी होईपर्यंत वातड होते. तव्यावरून थेट स्टीलच्या डब्यात घातली की वाफेचं पाणी होऊन खालची पोळी भिजते. जाळीवर वाफ जाऊ द्या, कोमट असताना सुती फडक्यात गुंडाळा. दशमी दुधात भिजवतात म्हणून मऊ राहते.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून पाठवलं की अर्धा डबा पाण्याचा होतो. मिठाची पुडी वेगळी द्या. बटाट्याची भाजी गार झाल्यावर अळणी लागते, किंचित जास्त मीठ आणि लिंबू हवं. साबुदाण्यावर भिजवताना तो जेमतेम बुडेल इतकंच पाणी, जास्त राहिलं तर डब्यात खिचडीचा गोळा होतो. वहीत एक ओळ नेहमी घाला: 'डब्यात किती तास टिकतं'.

मोठंपातेलं

शाळेतल्या खिचडीची चव घरी का येत नाही असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितो. पोषण आहाराचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवी दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवी १५०, ३०, ७५ आणि ७.५. म्हणजे पहिली ते पाचवीच्या शंभर मुलांना १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी, अर्धा किलो तेल. चौघांसाठी सरळ भागाकार: ४०० ग्रॅम तांदूळ, ८० ग्रॅम डाळ, २०० ग्रॅम भाजी, २० ग्रॅम तेल.

मीठही असंच सरळ भागता येतं. पाणी भागता येत नाही. मोठ्या पातेल्यात अन्नाच्या मानाने वरचा उघडा भाग थोडा, म्हणून वाफ कमी जाते. घरच्या लहान पातेल्यात त्याच हिशेबाने पाणी घातलंत तर दाणा कोरडा राहतो, थोडं वाढवून घ्यावं लागतं. शिवाय मोठं पातेलं उतरवल्यावरही बराच वेळ आत शिजत राहतं. ती मऊ, एकजीव खिचडी तिथे तयार होते. घरी हवी असेल तर जाड बुडाचं पातेलं घ्या, गॅस बंद करून झाकण लावा, टॉवेलात गुंडाळून अर्धा तास ठेवा.

सांबारवडी

घरचे शब्द 'शुद्ध' करू नकोस. विदर्भातल्या घरी सांबार म्हणजे कोथिंबीर. वहीत 'सांबार बारीक चिरून' असेल तर तसंच राहू दे, शेवटच्या पानावर शब्दार्थ दे. नाहीतर पुण्यातली नात सांबार-वडीत तुरीची डाळ शिजवायला घेईल.

लालशाई

निबंध तपासणाऱ्याच्या नजरेतून दोन-तीन गोष्टी. कृती आणि आठवण एकाच परिच्छेदात मिसळू नका. हात पिठाचे असताना वाचणाऱ्याला कृती हवी असते. आठवण पान उलटून लिहा, तिथेही माप सोडू नका. 'आजीच्या हाताला चव होती' या वाक्यातून आजी दिसत नाही. 'आजी फोडणीत हिंग सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून घालायची' यातून दिसते. 'चविष्ट', 'अप्रतिम', 'लाजवाब' खोडून त्या जागी आंबट, तुरट, खमंग, करपट यांपैकी जो खरा असेल तो शब्द ठेवा.

क्रियापदं नेमकी हवीत. भाजणं कोरडं, परतणं तेलावर, वाफवणं झाकण ठेवून, आटवणं झाकण काढून. 'कांदा शिजवा' वाचून चौघी चार गोष्टी करतील. वाक्य छोटं, एका वाक्यात एकच काम. ज्या कामाआधी तयारी लागते ती ओळ वर आणा. 'भिजवलेली डाळ घाला' हे सहाव्या ओळीत कळून उपयोग नाही, 'आदल्या रात्री' हे पहिल्या ओळीत हवं.

लिहून झालं की ज्याने तो पदार्थ कधी केला नाही अशा भावंडाला वही द्या आणि स्वतः गप्प उभ्या राहा. ते जिथे मान वर करून विचारेल तिथे ओळ अपुरी आहे, लगेच समासात खूण करा.

शाईच्या पेनाने लिहू नका, वाफेचा एक थेंब पडला की ओळ पसरते. जेल पेनही ओल्या बोटाने पुसलं जातं. साधं बॉलपेन टिकतं. मापं पहिल्या तीन खेपांना पेन्सिलीनेच, कारण ती बदलणार. समास डावीकडे चार बोटं सोडा, पुढे कोणीतरी 'गूळ कमी केला तरी चालतो' असं लिहिणार आहे, त्याला जागा हवी.