मदत हवी आहे: दुहेरी बंध आणि पेशीपटलाची जलपार्यता

नमस्कार. कोलेस्टेरॉल मिसळले की द्रवावस्थेतील लिपिडांचा द्विस्तर (मेदरेणूंचे दोन थर मिळून बनलेले पेशीपटलाचे मूळ पटल) ताणण्यास अधिक कठीण होतो आणि त्यातून पाणीही कमी पाझरते. लिपिडांमधील मेदाम्लांच्या लांब कार्बन-साखळ्या, म्हणजे शेपट्या, दाटीने रचल्या जातात, हे त्याचे कारण मला पटते. मात्र शेपटीत दोन किंवा अधिक दुहेरी बंध (कार्बन अणूंमधील दुहेरी जोड) असले, तर जलपार्यता, म्हणजे पाणी पाझरू देण्याची क्षमता, कितीतरी वाढते, पटल कमी ताणात फाटते, आणि तरीही क्षेत्रफळ वाढण्यास होणारा विरोध सुमारे २४० मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे जवळजवळ तसाच राहतो. माझे आकलन नेमके इथे अडले आहे. हा विरोध मुख्यतः पाणी आणि लिपिड यांच्या सीमेवरील पृष्ठताणातून येतो, म्हणून असे घडते का? शिवाय जलपार्यता शेपट्यांच्या लवचीकतेवर अधिक अवलंबून असते, की प्रत्येक रेणूने व्यापलेल्या क्षेत्रफळावर? जाणकारांनी कृपया सविस्तर समजावून सांगावे.