आयर्लंडच्या पऱ्या आणि आपल्या साती आसरा, खरंच कोणी होतं का तिथे?

तापीकाठचा:
मी शिरपूरकडचा. लहानपणी मोठी माय दम द्यायची, ‘दुफारना नदीवर जावू नको, आसरा धरतस.’ घाटाखाली शेंदूर लावलेले सात दगड अजून आहेत, निम्मे गाळात. परवा आयर्लंडच्या लोककथा वाचत बसलो तर तिकडेही तेच की भो, टेकाडाखाली राहणारी माणसं, त्यांचं झाड तोडायचं नाही, नाव घ्यायचं नाही, ‘भली माणसं’ म्हणायचं. तर ही बेटांवरची परी-माणसं म्हणजे आधी राहणारे, हरलेले लोक असतील का?

जुनापुराणा:
थिअरी जुनीच आहे, १८९० मध्ये डेव्हिड मॅकरिची या स्कॉटिश लोककथा-अभ्यासकाने हेच मांडलं होतं. आयरिश कथेतही तुआहा दे दानन ही देवांसारखी जुनी माणसं हरतात आणि टेकाडांत जातात. पण ती टेकाडं म्हणजे थडगी, आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं थडगं तर पाच हजार वर्षं जुनं. बांधणारा कोण ते विसरलं की गोष्ट तयार होणारच. हवाईत मेनेहुने नावाचे बुटके एका रात्रीत तलावाचे बांध घालतात, उजाडलं की काम अर्धवट टाकून पळतात. आपल्याकडे जुनं देऊळ दिसलं की पांडवांनी एका रात्रीत बांधलं आणि कोंबडा आरवला, तसंच. आणि मेनेहुनेचाच भाऊबंद शब्द ताहिती बेटावर मनाहुने, म्हणजे साधी रयत. म्हणजे आधी मान कमी होता, मग गोष्टीत उंचीच कमी झाली, असं काही अभ्यासक म्हणतात, मला पटतं.

साक्रीकर:
इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाचं विसरलात. २००३ मध्ये लियांग बुआ गुहेत जेमतेम मीटरभर उंचीच्या बाईचा सांगाडा निघाला आणि तिथल्या लोकांत एबू गोगो नावाच्या केसाळ बुटक्यांच्या गोष्टी आहेतच, लगेच सगळ्यांनी जोडी लावून दिली. पण नंतर हाडं साठ हजार वर्षांहून जुनी ठरली. एवढी वर्षं गोष्ट टिकेल? आमच्या घरात खापरपणजोबांच्या नावावरून तिघं भांडतात.

तापीकाठचा:
😂 पण लोखंडाचं काय? आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा, तिकडे पाळण्यावर लोखंडी चिमटा. म्हणे लोखंडाला भिणारे ते दगडी हत्यारांच्या काळातले.

जुनापुराणा:
मग सटवाईही अश्मयुगातली म्हणावी लागेल 🙂 अहो, घरात धारदार आणि मजबूत वस्तू लोखंडाचीच, भीती वाटली की तीच हाताला लागणार.

तापीकाठचा:
बरोबर आहे तुमचं. बाकी मागच्या उन्हाळ्यात घाटाचा गाळ काढला, तेव्हा जेसीबीवाल्याने ते सात दगड सोडून आजूबाजूची माती उचलली. बाहेरगावचा होता, त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.